तिकांड्यातलं पाणी आणि किसनमामाचा कंदील

आयुष्यभर काय काम केलं असं कोणी विचारलं, तर मी "रेडिओचं" एवढंच सांगतो. समोरच्याला वाटतं हा रेडिओ दुरुस्त करत असावा, आणि तो घरातला बंद पडलेला सेट आणून माझ्यापुढे ठेवतो. मीही पेचकस घेऊन तो उघडून बसतो. खरं सांगायला गेलं की पंचाईत होते. "आकाशात जिथं नवे तारे जन्माला येतात, तिथल्या पाण्याच्या वाफेच्या लहरी आम्ही पकडायचो," असं म्हटलं की माणूस आधी माझ्याकडे बघतो, मग माझ्या बायकोकडे बघतो आणि विषय बदलतो.

या अंकाच्या संपादकांनी मात्र पिच्छा सोडला नाही. म्हणाले, "कामातले गमतीदार किस्से लिहा, वाचकांना तेवढंच विज्ञान कळेल." किस्से आहेत, एक-दोन सांगतोही. पण ज्या गोष्टीसाठी मी लिहायला बसलो ती गमतीची नाही. ती सांगायला मला इतकी वर्षं लागली याची मला लाज वाटते.

आधी काम काय होतं ते सांगतो. थंडीच्या दिवसांत आकाशात तीन तारे एका ओळीत दिसतात. आपल्याकडे त्यांना तिकांडं म्हणतात, पुस्तकात तो मृग नक्षत्राचा भाग. त्या तिघांच्या जरा खाली एक धुरकट ठिपका आहे. तो ठिपका म्हणजे वायूचा आणि धुळीचा अफाट ढग, आणि त्याच्या पोटात नवे तारे तयार होत असतात. साध्या दुर्बिणीला त्यातलं काही दिसत नाही, धूळ आड येते. रेडिओच्या लहरी मात्र धुळीतून आरपार येतात. त्या ढगात पाण्याची वाफ असते. जन्मणाऱ्या ताऱ्याच्या आसपास ती वाफ तापते, ढुशा खाते आणि एका ठरावीक लांबीची लहर सोडते. लांबी सव्वा सेंटिमीटरहून थोडी जास्त. गंमत अशी की एका रेणूची लहर शेजारच्या रेणूला तशीच लहर सोडायला लावते. जत्रेत एकानं आरोळी ठोकली की सगळे तीच आरोळी ठोकतात, तसं. त्यामुळे तो आवाज एवढा वाढतो की आमच्या लहानशा तबकडीलाही ऐकू येई. पाण्याचा ठावठिकाणा लागला की ताऱ्याच्या बाळंतिणीच्या खोलीचा पत्ता लागला, असं आमचे प्रमुख, डॉक्टर जोगळेकर म्हणायचे.

अडचण एकच होती. आपल्या हवेतही पाण्याची वाफ असते आणि ती नेमकी तीच लहर गिळते. म्हणून अशी दुर्बीण कोरड्या हवेच्या जागी हवी. सत्तरच्या दशकात आमची संस्था मोठ्या तबकडीसाठी तशी जागा शोधत होती. पाहणीसाठी किन्हीराजाच्या पुढची एक उघडी टेकडी निवडली. तेव्हा वाशीम जिल्हा झाला नव्हता, आम्ही सगळे अकोल्यातले. मी मूळचा रिठदचा, इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झालेला, वय सव्वीस. "तुमच्याच भागातलं आहे, तुम्हीच सांभाळा," म्हणून जोगळेकर साहेबांनी मला तिथं पाठवलं. पत्र्याची एक खोली, बाहेर माणसाच्या दुप्पट उंचीची तबकडी, आत कपाटाएवढं यंत्र, आणि कागदाच्या गुंडाळीवर शाईनं रेघ ओढत राहणारं एक पेन. रेडिओला ऊन आणि अंधार सारखाच, त्यामुळे एप्रिलमध्ये तिकांडं भर दुपारी वर चढलं की आमचं काम सुरू व्हायचं. चारच्या सुमाराला ते सगळ्यात वर असे. त्या वेळी पेननं पहिल्यांदा वर उडी मारली, तेव्हा मी एकटाच ओरडलो होतो.

टेकडीवर येणाऱ्यांत एक निवृत्त हवालदार होते. बांगलादेशच्या लढाईतून आलेले. तबकडी ही तोफच आहे आणि आम्ही सरकारी हुकमानं खोटं बोलतो, यावर ते ठाम होते. रोज येऊन पाहणी करायचे आणि बजावायचे, "तोंड पश्चिमेले ठिवा, दुश्मन तिकडून येते." मी म्हणायचो, "हवालदार, तिकांडं जिकडं जाईल तिकडं तोंड जातं." ते डोळा बारीक करून म्हणत, "समजलं, समजलं. आपन कोनाले बोलत नाई."

दुसरे वाशीम स्टेशनवरचे पार्सलबाबू. आम्हाला द्रवरूप नायट्रोजन लागायचा. तो मुंबईहून अकोल्याला आणि तिथून छोट्या गाडीनं वाशीमला येई, थर्माससारख्या मोठ्या कॅनमधून. झाकणातून पांढरा धूर निघताना बघून पहिल्या दिवशी बाबू टेबलामागे लपले. मी थोडा नायट्रोजन पेल्यात ओतून त्यांचंच खायचं पान त्यात बुडवलं, बाहेर काढलं आणि काचेसारखं मोडून दाखवलं. झालं! त्यानंतर एक पान मोडून दाखवल्याशिवाय त्यांनी कधी कॅन हाती दिला नाही.

हा नायट्रोजन कशाला? तर पेन हललं म्हणजे नेमकं किती हललं, हे सांगायला काही माप लागतं. आधी यंत्रापुढे लहरी शोषून घेणारी फोमची एक साधी गादी धरायची, मग नायट्रोजनमध्ये बुडवलेली, शून्याखाली जवळजवळ दोनशे अंश थंड झालेली गादी धरायची. दोन्हींच्या रेघांमधलं अंतर हे आमचं माप. रोज तिकांडं वर येण्याआधी हे झालंच पाहिजे, नाहीतर त्या दिवशीचा कागद रद्दी.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात एक कॅन जीपमध्ये आपटला. त्याच्या दोन भिंतींमधली निर्वात पोकळीत थोडी हवा शिरली असावी, कारण बाहेरून त्याच्यावर बर्फासारखा थर धरू लागला आणि आतला नायट्रोजन भराभर उडू लागला. दुसरा कॅन यायला तीन आठवडे होते. पत्र्याच्या खोलीत तर भट्टी पेटलेली. मी डोकं लढवलं. टेकडीच्या पायथ्याला एका पाटलाचं जुनं पेव होतं. पेव म्हणजे ज्वारी साठवायला जमिनीत खोदलेला रांजणासारखा खड्डा. तोंड अरुंद, पोट मोठं, दोन पुरुष खोल, आणि आत ऐन उन्हाळ्यात गारवा. मी ठरवलं, कॅन तिथं उतरवायचा, वर झाकण घालायचं, आणि रोज लहान फ्लास्कमध्ये लागेल तेवढा भरून आणायचा. कॅन रोज वर-खाली केला असता तर उरलंसुरलंही गेलं असतं.

पेव उघडायला किसनमामाला बोलावलं. किसन दौलत, वय पन्नाशीच्या पुढे, आमच्यातलाच. छप्पनपासून त्याचं घरही आमच्यासारखंच बौद्ध. पंचक्रोशीतली पेवं उघडायचं जोखमीचं काम पिढ्यान् पिढ्या त्याच्या घराकडे होतं. बाकीची गावकीची कामं त्यानं सोडली होती, हे मात्र ठेवलं होतं. म्हणायचा, "हे काम नाई, हे इल्लम हाये." इल्लम म्हणजे विद्या. चाळीस वर्षांत त्याच्या हातून एकाही माणसाला इजा झाली नव्हती. मला तो नात्यानं कोणी लागत नव्हता, पण मी मामा म्हणायचो. तो मला साहेब म्हणायचा, आणि म्हणताना त्याचा चेहरा फुलायचा. आपल्यातला पोरगा खुर्चीवर बसतो याचं त्याला केवढं अप्रूप!

मी रिठदसारख्या गावात वाढलो, पण पेव उघडताना कधी पाहिलं नव्हतं. आमच्या घरात पेवात ठेवण्याएवढं धान्य कधी आलंच नाही. मामानं झाकणाचा दगड सरकवला आणि दोन दिवस तोंड उघडं ठेवलं. तिसऱ्या दिवशी कंदील पेटवला, काठावरची माती बोटाला लावून कपाळाला टेकवली आणि कंदील दोरीनं हळूहळू खाली सोडला.

"हे काय, मामा?"

"पेवाले इचारा लागते, साहेब."

"काय विचारता?"

"येऊ काय म्हून."

माझ्या डोक्यात तिडीकच गेली. छप्पन साली माझ्या बापानं घरातले देव गाठोड्यात बांधून नदीत सोडले होते. मी त्याच घरात वाढलो. कपाळाला लावलेली माती मला दिसली, कंदिलाची ज्योत मी पाहिलीच नाही. म्हणालो, "मामा, आपण हे सगळं सोडलं ना? आता खड्ड्याला कंदील ओवाळायचा?"

मामा वरमला. "हे तसं नाई, बापा. हे कामाचं हाये. कंदील रायला तं मानूस रायते."

याहून सरळ कोणी काय सांगणार? आत हवा असेल तर ज्योत जळते, आणि ज्योत जळते तिथं माणूस जगतो. पण मला ते मंत्रासारखं वाटलं. मी हसलो. त्या दिवशी कंदील तळापर्यंत जळत राहिला, मामा उतरला, कॅन ठेवला, काम झालं.

आठ दिवस असंच चाललं. मामा रोज दुपारी कंदील सोडायचा, भिंतीतल्या खाचांत पाय देत उतरायचा, फ्लास्क भरून आणायचा आणि मी झाकण घालायला लावायचो. नवव्या दिवशी मामा खोलीच्या दारात येऊन उभा राहिला.

"साहेब, आज कंदील बसला."

"म्हणजे?"

"अर्ध्यात गेला आन् बारीक झाला. थांबा लागते."

त्यानं लिंबाची मोठी डहाळी दोरीला बांधली आणि तासभर पेवात खाली-वर घुसळली. मग पुन्हा कंदील सोडला, मग उतरला. तोवर तिकांडं कलायला लागलं होतं. त्या दिवशीचा कागद गेला. मी भडकलो. "मामा, हा वायू विषारी नाही! आपण श्वास घेतो त्या हवेत पाचातले चार भाग हाच असतो. शाळेत शिकवतात हे."

"मंग कंदील काहून बसला?"

"वाऱ्यानं."

दोन पुरुष खोल खड्ड्यात वारा! एक लिटर द्रवाचा जवळजवळ सातशे लिटर वायू होतो, हे मला पाठ होतं. परीक्षेत लिहून गुणही मिळवले होते. तो वायू थंड असतो, जड असतो, तळाशी बसतो आणि चांगली हवा वर ढकलून देतो, एवढा हिशेब शाळेतल्या पोरानंही केला असता. मी केला नाही. मामाच्या कंदिलानं केला होता, पण कंदील मला अडाण्याचा वाटत होता.

पुढच्या सोमवारी संस्थेचे दोन मोठे अधिकारी जागा बघायला यायचे होते. जोगळेकर साहेब त्यांना घेऊन दुपारी पोचणार होते. तयारीसाठी त्या शनिवारी-रविवारी काम बंद, पेवावर झाकण. सोमवारी सकाळी मामा कंदील घेऊन आला तेव्हा मी त्याला बाजूला घेतलं.

"मामा, आज पाहुणे आहेत. ते माती लावणं, कंदील सोडणं आज राहू द्या."

"कंदील बी नको?"

"नको. काय म्हणतील ते? मी इथला, तुम्ही माझ्यातले. म्हणतील, यांची माणसं अजून खड्ड्यांना पुजतात."

खरं कारण हेच होतं. मला लाज वाटत होती, विज्ञानाशी त्याचा काही संबंध नव्हता. मामानं हातातल्या कंदिलाकडे पाहिलं. मग म्हणाला, "तुमी शिकले-सवरले. तुमी म्हनान तसं." आणि त्यानं कंदील माझ्या खोलीतल्या खुंटीला अडकवला.

पाहुणे उशिरा आले. चहा, फराळ, तबकडीभोवती चक्कर, यात तीन वाजले. हवालदारही कडक सदरा घालून हजर होते. मी मामाला हाक मारली, "मामा, फ्लास्क आणा लवकर." त्यानं झाकण काढलं, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि उतरला. आम्ही काठापासून वीस-पंचवीस पावलांवर होतो. मी पाहुण्यांना गादीचं माप समजावून सांगत होतो. जरा वेळानं फ्लास्क पडल्यासारखा आवाज आला. हाक मारली, ओ नाही. धावत जाऊन वाकून बघितलं तर मामा कॅनच्या शेजारी कुशीवर पडलेला, झोपल्यासारखा. मी खाचेत पाय घातला. हवालदारांनी मागून माझी कॉलर धरून ओढलं.

"मरसान! उतरू नका! कंदील आना, कंदील!"

कोणीतरी खुंटीवरचा कंदील आणला. हवालदारांनीच तो पेटवून खाली सोडला. माणसाच्या छातीएवढा आत गेला आणि विझला. पुन्हा पेटवला, पुन्हा तिथंच विझला. तेव्हा मला कळलं. सगळं एकदम कळलं. डहाळी घुसळली, घोंगडी हलवली, विहिरीवरचा गळ आणून, फ्लास्क अडकवायला त्यानं कमरेला बांधलेल्या दोरीत अडकवला. वर काढेपर्यंत अर्धा तास गेला असेल. मी त्याच्या तोंडात फुंकर घालत राहिलो. हवालदारांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून मला थांबवलं.

यानंतरचं सांगायला जास्त जड जातं. जोगळेकर साहेब वाईट माणूस नव्हते. मला खोलीमागे नेऊन म्हणाले, "कॅनचं नाव निघालं तर सगळं बंद होईल. तुमची नोकरी, ही जागा, सगळं. जुन्या पेवात हवा दूषित असतेच ना?" मी हो म्हटलं. पोलीस येईपर्यंत दोन तास होते. पेवाची हवा मोकळी झाल्यावर, आधी कंदील सोडून, मी स्वतः खाली उतरलो आणि कॅन बाहेर काढला. मामा जिथं पडला होता तिथंच पाय ठेवून मी उभा होतो.

जबाब माझा झाला. अक्षर चांगलं म्हणून मीच तो लिहिला. मयत हा पेव उघडण्याचे काम करणारा असून, नेहमीप्रमाणे कंदील सोडून पाहण्यास विसरल्याने पेवातील दूषित हवेने गुदमरून मयत झाला. खाली माझी सही. हवालदारांनी जबाब वाचला. कागद माझ्या हातात परत दिला आणि निघून गेले. ते पुन्हा टेकडीवर आले नाहीत.

दोन दिवसांनी आम्ही काम सुरू केलं. तिकांडं वर आलं, पेननं उडी मारली. तो कागद फार स्पष्ट आला, पुढे एका निबंधात छापलाही. जूनमध्ये ढग आले, हवा ओली झाली, आणि ही जागा चालणार नाही असा निर्णय झाला. तबकडी ट्रकवर चढली. मीही तिच्यामागे गेलो आणि दुसरीकडे तीस वर्षं इमानानं नोकरी केली. किती तारे जन्मताना ऐकले, त्याची मोजदाद नाही.

मामाच्या गावात मात्र माझी सही राहिली. चाळीस वर्षं पेवं उघडणारा किसन दौलत कंदील विसरला आणि पेवात मेला, हे कायमचं झालं. त्याच्या धाकट्या भावाला पुढं कोणी पेवावर बोलावलं नाही. म्हणायचे, "ह्याचा भाऊ सोताच्या जिवाचा कंदील इसरला, हा आपला काय ध्यानात ठिवीन?" कोणी काही विसरलं की गावात म्हणत, "किसन्या झाला काय रे?" हे मला वाशीमच्या बसस्टँडवर एका ओळखीच्यानं हसत हसत सांगितलं होतं. मीही हसल्यासारखं केलं.

दोन वर्षांपूर्वी मी मामीला भेटायला गेलो. मामाची बायको, आता पार वाकलेली. ओट्यावर तूर पाखडत होती. मी तिच्यापुढे बसलो आणि सगळं सांगितलं. कॅन, वायू, पाहुणे, माझी लाज, जबाब. कानानं कमी ऐकते म्हणून दोनदा सांगावं लागलं. तिनं सूप खाली ठेवलं.

"मले मालूम हाये," ती म्हणाली. "कंदील घरी आनून देल्ला ना पोलिसायनं. पाह्यला तं तेलानं गच्च भरेल. वात बी कातरेल. सकाळी माह्यासमोर भरून नेलता त्यानं. इसरला असता तं भरला कायले असता?"

"मामी, तुम्ही हे कोणाला सांगितलं नाही?"

"साऱ्यायले सांगतलं. कागदावर साहेबाची सही होती, माह्यं कोन आयकते?"

मी तिच्या पायांवर डोकं ठेवायला वाकलो. तिनं पाय मागं घेतले.

"मले कायले सांगून राह्यले? मले मालूमच हाये. गावाले सांगा."

मी उठलो. गावात पाराखाली दहा-बारा माणसं बसली होती. एकानं विचारलं, "कोनाच्या घरी आलते, साहेब?" मी म्हणालो, "ओळखीचे होते." आणि चारची बस पकडली. असा मी माणूस.

म्हणून हे लिहिलं. हा अंक त्या गावच्या वाचनालयात जातो, याची संपादकांकडून खात्री करून घेतल्यावरच मी लिहायला हो म्हटलं. तिथं जो कोणी हे वाचेल त्यानं कृपा करून चावडीवर वाचावं. किसन दौलत कंदील विसरला नव्हता. तेल भरून, वात कातरून त्यानं तो आणला होता. मी त्याला तो नेऊ दिला नाही, आणि तो मेल्यावर तो विसरला असं लिहून खाली सही केली. मग एवढं वाचून झालं की मामीच्या ओट्यावर जाऊन हे पुन्हा वाचा. तिला कमी ऐकू येतं, तेव्हा जरा मोठ्यानं वाचा.